घरच्या टोमॅटोसाठी वाण निवडताना: आधी रोग, मग जीभ

२०२३च्या जुलैत टोमॅटो किलोला दीडशे-दोनशे रुपयांवर गेला आणि अनेकांना गच्चीवरच्या रिकाम्या कुंड्या आठवल्या. उत्साह चांगला होता, पण महिना चुकीचा. भर पावसात, नर्सरीवाल्याला वाणाचं नावही न विचारता आणलेलं रोप लावलं की पुढचं सारं ठरलेलं असतं: खालची पानं करपतात, शेंडा आखडतो, आणि हाती आलीच तर चार फळं येतात, तीही बाजारातल्यासारखीच बेचव. मग दोष खताला दिला जातो, नाहीतर मातीला. प्रत्यक्षात निम्मा निकाल बी पेरण्याआधीच, वाण निवडताना लागलेला असतो.

पहिल्यांदाच टोमॅटो लावणाऱ्याला ‘सर्वांत चविष्ट वाण कोणता?’ असं विचारावंसं वाटतं. त्याआधीचा प्रश्न वेगळा आहे: आपल्या भागात टोमॅटो कशाने मरतो? त्याचं उत्तर मिळालं की वाणांची यादी आपोआप आखूड होते, आणि मग उरलेल्यांतून चवीचा निवडायचा.

पायरी १: आपल्याकडचा रोग ओळखा

शेजारीपाजारी कुणी टोमॅटो, मिरची किंवा वांगी लावत असेल तर त्यांच्या झाडांकडे नीट बघा. महाराष्ट्र-गोव्यात घरच्या झाडांना मुख्य धोका चार गोष्टींचा.

पहिला बोकड्या, म्हणजे लीफ कर्ल. पानं वर वळतात, बारीक आणि पिवळट होतात, शेंड्याचा झुपका होतो, झाड खुरटतं. हा विषाणू पांढरी माशी पसरवते. फेब्रुवारीपासून मेपर्यंत, उन्हाळ्याच्या तोंडाला तिचा जोर असतो. पुणे, नाशिक, नगर, मराठवाडा, विदर्भ, सगळीकडे हा आहे. लागण झालेलं झाड बरं होत नाही, म्हणून प्रतिकारक वाणाचा सर्वांत मोठा फायदा इथे मिळतो.

दुसरा जिवाणूजन्य मर. कोकण, गोवा आणि मुंबईच्या आसपासच्या आम्लधर्मी, जांभ्या मातीत हा जास्त. झाड दुपारी अचानक मान टाकतं, पानं हिरवीच असतात, आणि दोन-चार दिवसांत सगळं संपतं. पाणी कमी पडलं असं वाटून लोक आणखी पाणी घालतात. खात्री करायची सोपी रीत आहे: जमिनीलगतचं खोड कापा, तुकडा काचेच्या ग्लासातल्या स्वच्छ पाण्यात धरा. काही मिनिटांत दुधाळ धागा खाली उतरताना दिसला तर जिवाणूजन्य मर समजा. त्या जागी प्रतिकारक नसलेला टोमॅटो, मिरची, वांगं पुन्हा लावून उपयोग नाही. जिवाणू मातीत वर्षानुवर्षं राहतो.

तिसरा करपा, आणि त्याचे दोन प्रकार. लवकर येणाऱ्या करप्यात खालच्या जुन्या पानांवर तपकिरी डाग पडतात आणि डागात एकात एक वर्तुळं दिसतात. हा हळूहळू वर चढतो. उशिरा येणारा करपा ढगाळ, गार, दमट हवेत येतो. पानावर तेलकट, पाण्याने भिजल्यासारखे डाग पडतात आणि आठवड्याभरात झाड काळं पडतं. पहिल्याशी जमवून घेता येतं. दुसऱ्याशी नाही.

चौथा फुलकिड्यांमधून येणारा, टोमॅटोचा स्पॉटेड विल्ट. कोवळी पानं तांबूस-जांभळट होतात, फळांवर वर्तुळाकार चट्टे पडतात. याला पक्का प्रतिकार असलेला वाण घरच्या बागेसाठी सहज मिळत नाही. कमी बळी पडणारे आहेत, ते पुढे येतील.

विषाणूंचं प्रकरण एवढ्यावर थांबत नाही. २०२० च्या उन्हाळ्यात जुन्नर, संगमनेर, अकोले भागात टोमॅटो एकसारखा पिकेना, त्यावर पिवळे-हिरवे पट्टे राहू लागले, आणि शेतकरी त्याला ‘तिरंगा’ म्हणू लागले. बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने नमुने तपासले तेव्हा त्यांत मुख्यतः काकडीवरचा मोझॅक विषाणू सापडला. म्हणजे वाण कितीही प्रतिकारक असला तरी तो ठरावीक रोगांनाच प्रतिकारक असतो. ‘रोगमुक्त वाण’ असं कुणी विकत असेल तर त्याला कोणत्या रोगाचं ते विचारा.

पायरी २: स्वयंपाकघरात कशासाठी हवाय?

टोमॅटोची चव साखर, आंबटपणा आणि वास या तिन्हींतून येते. नुसता गोड टोमॅटो सपक लागतो. सारासाठी आंबट, रसाळ, पातळ सालीचा टोमॅटो हवा. गावठी म्हणून मिळणारा, कडेला खाचा असलेला चपटा टोमॅटो सारात जो वास देतो तो टणक संकरित फळ देत नाही. कोशिंबिरीला मात्र गराचं, कमी बियांचं, सुरी लावली तरी न फुटणारं फळ बरं. भरल्या टोमॅटोला मध्यम, गोल, जाड भिंतीचं. हिरव्या टोमॅटोची चटणी करणार असाल तर वाणाचा विचारच नको, झाडावर उरलेलं कुठलंही हिरवं फळ, शेंगदाणे आणि मिरची पुरे.

बाजारातला टोमॅटो बेचव का लागतो, याचं उत्तर निवडीला उपयोगी आहे. नारायणगाव किंवा पिंपळगाव बसवंतच्या बाजारातून निघालेलं फळ दिल्लीपर्यंत क्रेटमध्ये टिकायला हवं, म्हणून ते टणक, जाड सालीचं आणि एकसारखं पिकणारं असावं लागतं. या ‘एकसारखं पिकण्या’ची किंमत बऱ्याच काळाने कळली. जुन्या वाणांच्या कच्च्या फळाचा देठाकडचा भाग गडद हिरवा असतो, त्याला हिरवा खांदा म्हणू. फळं सारखी दिसावीत म्हणून वाण तयार करणाऱ्यांनी हा खांदा घालवला. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं की खांदा ज्या जनुकामुळे गडद होतो तेच जनुक कच्च्या फळात हरितद्रव्य आणि पुढे साखर वाढवतं. म्हणून घरच्यासाठी वाण निवडताना वर्णनात ‘हिरवा खांदा’ दिसला तर बिचकू नका. पिकताना देठाजवळचा भाग थोडा मागे राहील, तेवढंच.

पायरी ३: जागा आणि झाडाचा आकार

सहा तास थेट ऊन नसेल तर टोमॅटो लावू नका. अळू लावा, पुदिना लावा.

टोमॅटोची झाडं दोन प्रकारची: ठरावीक उंचीला थांबणारी, आणि वेलासारखी वाढतच जाणारी. थांबणारं झाड कमरेइतकं होतं, फळं थोड्या आठवड्यांत एकदम देतं, आणि त्याला १५ ते २० लिटरची बादली किंवा तेलाचा पत्र्याचा डबा पुरतो, तळाला भोकं पाडून. वाढत जाणाऱ्याला याहून मोठी कुंडी, सहा फुटांचा बांबू किंवा सुतळी आणि दर आठवड्याला बगलफूट, म्हणजे पानाच्या बगलेतून येणारे फुटवे, काढण्याची शिस्त लागते. बदल्यात ते दोन-तीन महिने थोडं-थोडं देत राहतं. सुरुवात करणाऱ्याने पहिला प्रकार घ्यावा. चेरी टोमॅटो मात्र अपवाद, तो वाढत जाणारा असला तरी सोपा.

पायरी ४: आता वाण

एकच वाण लावू नका. एक रोगाला टिकणारा आणि एक जिभेसाठी, अशी जोडी घ्या. पहिला आला तर घरात टोमॅटो येतात, दुसरा आला तर टोमॅटोची आठवण राहते.

टिकणाऱ्यांमध्ये सर्वांत आधी नाव घ्यावं लागतं अर्का रक्षकचं. बेंगळुरूच्या त्याच संस्थेचा हा संकरित वाण बोकड्या, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तिन्हींना प्रतिकारक आहे. त्याचा भाऊ अर्का सम्राट तसाच, फळ थोडं मोठं आणि चपटं. दोन्हींचं फळ शंभर ग्रॅमच्या आसपास, लालभडक, टणक, बाहेर दोन आठवडे सहज टिकणारं. चव? ठीक. कोशिंबिरीला छान, भाजीला चालेल, साराला मी घेणार नाही. एका झाडाला १८-१९ किलो उत्पादनाच्या बातम्या वाचून बादली घेऊ नका; तो आकडा शेतातला, ठिबक आणि मोजून खत दिलेल्या पिकाचा आहे. गच्चीवर झाडामागे दोन-तीन किलो आले तर उत्तम समजा.

याच संस्थेचा नंतर आलेला अर्का अभेद उशिरा येणाऱ्या करप्यालाही प्रतिकारक आहे, म्हणजे एकूण चार रोगांना. जिथे थंडीत धुकं आणि ढगाळ हवा असते, महाबळेश्वर-पाचगणीच्या उतारावर किंवा नाशिकच्या घाटमाथ्याकडे, तिथे मी रक्षकपेक्षा अभेद निवडेन.

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे वाण शहरी बागेत का दिसत नाहीत हे मला कोडं आहे. धनश्री सरळ वाण आहे, म्हणजे त्याचं बी धरता येतं. फळ मध्यम, गोल, नारिंगी, आणि स्पॉटेड विल्ट व बोकड्या दोन्हींना कमी बळी पडणारं. भाग्यश्रीत गर भरपूर, बिया कमी, रंग गडद लाल. केचप किंवा प्युरी करून ठेवणाऱ्या घरासाठी हीच. राजश्री आणि फुले राजा संकरित आहेत आणि बोकड्याला प्रतिकारक. देशावर राहणाऱ्याने पहिल्या वर्षी धनश्री लावून बघावी, असं माझं मत.

कोकणात आणि गोव्यात जमिनीत लावायचं असेल तर मर रोगाला प्रतिकारक नसलेल्या वाणाकडे बघूही नका. अर्का आभा आणि अर्का आलोक हे सरळ वाण तैवानच्या भाजीपाला संशोधन केंद्रातून आलेल्या साहित्यातून निवडलेले आहेत, दोघांना फिकट हिरवा खांदा आहे आणि दोघे जिवाणूजन्य मर सोसतात. केरळ कृषी विद्यापीठाचे शक्ती, मुक्ती आणि अनघा हेही त्याच कामासाठीचे. तिथली माती आणि पाऊस कोकणाशी जुळतात, म्हणून ते इथे आजमावण्यासारखे आहेत. काही रोपवाटिका रानवांग्याच्या खुंटावर कलम केलेली टोमॅटोची रोपं देतात. मुळं वांग्याची असल्यामुळे मर टळतो आणि वर कोणताही चवीचा वाण चालतो. कलमाचा सांधा मातीच्या वर राहील एवढं पाहा, नाहीतर टोमॅटोला स्वतःची मुळं फुटतात आणि पैसे वाया जातात. कुंडीत लावणाऱ्या मुंबईकराला हा सगळा त्रास नाही. नवीन माती, कोकोपीट आणि चांगलं कंपोस्ट घेतलं की जमिनीतला मर रोग बहुतेक टळतो.

आता जिभेचे. पुसा रुबी हा दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचा जुना वाण, ‘सू’ या परदेशी आणि सुधारित मेरठी या देशी वाणाच्या संकरातून आलेला. फळ चपटं, हलक्या खाचांचं, रसाळ, आंबटसर. रोप लावल्यापासून दोन महिन्यांत तोडणी सुरू होते. सारासाठी याच्या जवळ जाणारा सहज मिळणारा वाण मला माहीत नाही. पण बोकड्यापुढे तो टिकत नाही, म्हणून पांढरी माशी कमी असते त्या थंडीतच लावायचा. अर्का विकास हा त्याहून थोडा मोठा, हिरव्या खांद्याचा, पाण्याचा ताण बऱ्यापैकी सोसणारा. दोन दिवस गावाला गेलात तरी माफ करणारा. मराठवाड्यात किंवा पाणीकपातीच्या शहरात हा घ्या.

चेरी टोमॅटो हा नवख्या माणसाचा सर्वांत खात्रीचा पर्याय. लहान फळ लवकर धरतं, उष्णतेत मोठ्या फळांपेक्षा जास्त टिकून राहतं, एखादा डाग पडला तरी झाड देत राहतं, आणि गोडी बहुतेक वेळा मोठ्या फळापेक्षा जास्त. दिल्लीच्या संस्थेचा पुसा चेरी टोमॅटो-१ मुळात पॉलिहाउससाठी काढलेला, उंच वाढणारा वाण आहे. त्याला उंच आधार द्या.

कुंडीत वर्षानुवर्षं तीच माती असेल तर एकदा जुनं झाड उपटून मुळं बघा. गाठी दिसल्या तर सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे सूक्ष्म जंत, आहेत. त्यासाठी अर्का वरदान किंवा हिसार ललित हे प्रतिकारक वाण आहेत. मात्र सूत्रकृमींविरुद्धचं नेहमी वापरलं जाणारं जनुक माती २८ अंशांच्या वर तापली की ढिलं पडतं, आणि नागपूरच्या गच्चीवरची काळी प्लास्टिकची कुंडी मार्चमध्ये किती तापते ते सांगायला नको. तिथे माती बदलणं आणि झेंडू लावणं जास्त भरवशाचं.

ऑनलाइन मिळणाऱ्या ब्रँडीवाइन, चेरोकी पर्पल, ब्लॅक क्रिम अशा परदेशी जुन्या वाणांचा मोह होतोच. चवीची ख्याती खरी आहे. पण त्यांची मोठी फळं आपल्या उष्ण रात्रींत धरत नाहीत आणि बोकड्याशी त्यांची ओळखच नाही. डिसेंबर-जानेवारीत फळं धरतील अशा बेताने सप्टेंबरात पेरून एखादं झाड हौस म्हणून लावा. अमेरिकेतल्या नातेवाईकाकडून बी येणार असेल तर माउंटन मॅजिकसारखा वाण तिथल्या उशिरा येणाऱ्या करप्यासाठी तयार केलेला आहे हे ध्यानात ठेवा. न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी घराला तो उत्तम, पण आपल्या उन्हाळ्यातल्या बोकड्यापासून तो वाचवणार नाही.

पायरी ५: पाकीट वाचायला शिका

पाकिटावर ‘एफ-१’ असेल तर वाण संकरित. त्याचं बी पुढच्या वर्षी धरून उपयोग नाही, झाडं वेगवेगळी निघतात. परदेशी पाकिटावर इंग्रजी अक्षरं असतात: व्ही आणि एफ हे दोन बुरशीजन्य मर रोग, एन म्हणजे सूत्रकृमी, टी म्हणजे तंबाखूचा मोझॅक विषाणू. एचआर म्हणजे जास्त प्रतिकार, आयआर म्हणजे मध्यम. लीफ कर्लचा प्रतिकार लिहिलेला असला तरी तो तिकडच्या विषाणूवर तपासलेला असतो. आपल्याकडचे विषाणू त्याचे चुलतभाऊ आहेत, तेच नव्हेत. म्हणून इथे तपासलेला वाण बरा.

तपासणीची तारीख आणि उगवणक्षमता बघा. टोमॅटोसाठी ७० टक्के ही किमान मर्यादा आहे. बी गुलाबी किंवा निळं असेल तर त्याला बुरशीनाशक लावलेलं आहे. मुलांना हाताळू देऊ नका, आपणही हात धुवा. एका ग्रॅममध्ये ३०० च्या आसपास बिया असतात, तेव्हा शेतकऱ्यांसाठीचं १० ग्रॅमचं पाकीट घेतलंत तर अख्ख्या सोसायटीला वाटावं लागेल. बेंगळुरूच्या संस्थेचं बी ऑनलाइन मागवता येतं. राहुरीच्या वाणांसाठी विद्यापीठाचं बियाणं विक्री केंद्र किंवा जवळचं कृषी विज्ञान केंद्र गाठा.

पायरी ६: कधी आणि कसं लावायचं

गणपती ते नवरात्र या काळात पेरा. रोप २५ ते ३० दिवसांत तयार होतं, दिवाळीच्या आसपास मोठ्या कुंडीत जातं आणि नाताळ ते होळी फळं देतं. कोकणात पाऊस पूर्ण थांबल्याशिवाय जमिनीत लावू नका. टोमॅटोला फळ धरायला रात्री १५ ते २० अंश आवडतात. दिवस ३५ च्या वर गेला की फुलं गळतात, आणि उष्ण दिवसांत पिकलेलं फळ लाल न होता पिवळट-नारिंगी राहतं.

रोपं पहिला महिना जाळीत ठेवा. नेहमीच्या मच्छरदाणीतून पांढरी माशी आरपार जाते, त्यासाठी ४०-५० मेशची बारीक नायलॉन जाळी लागते. नाहीच मिळाली तर पातळ मलमल. चांगला वाण असला तरी रोपावस्थेत लागण झाली तर झाड मागे पडतं.

रोपं विकत घेणार असाल तर चार-पाच पानांची, दाट हिरवी, फूल न आलेली घ्या आणि वाणाचं नाव लिहून घ्या. ‘हायब्रीड आहे, चांगलं येतं’ हे नाव नव्हे.

लावताना खालची दोन पानं काढून खोड थोडं खोल गाडा, तिथून मुळं फुटतात. कलमी रोप मात्र खोल गाडायचं नाही. पाणी मातीला द्या, पानांवर नको; करप्याचे बीजाणू मातीच्या शिंतोड्यांतून चढतात, म्हणून वर वाळक्या पाल्याचं आच्छादन घाला. आणि तंबाखू मळलेल्या हाताने कुणालाही रोपाला हात लावू देऊ नका. मोझॅक विषाणू तिथूनही येतो. माळीकाकांना आधी साबण द्या.

पायरी ७: निवडलेली चव घालवू नका

फळं पेरूएवढी झाली की पाणी जरा आटोपतं घ्या, पण एक दिवस कोरडं आणि दुसऱ्या दिवशी तुडुंब असं करू नका. अशा हेलकाव्यांनी फळ तडकतं, किंवा त्याची खालची बाजू काळी पडते. ते काळं पडणं रोग नाही, फळापर्यंत कॅल्शियम न पोचल्याचं लक्षण आहे, आणि लांबट फळांच्या वाणांत ते जास्त दिसतं. अंड्याची टरफलं मातीत टाकून ते लगेच थांबत नाही. टरफलं विरघळायला खूप काळ लागतो. नियमित पाणी हाच उपाय. शेणखताचा आणि युरियाचा अतिरेक झाला की पानं माजतात आणि फळ पाणचट होतं.

फळावर पहिला लालसर रंग फुटला की तोडलं तरी चालतं. त्यानंतर ते घरात पिकलं तरी चवीत फारसा फरक पडत नाही आणि बुलबुलाशी वाद घालावा लागत नाही. पिकलेलं फळ फ्रिजमध्ये ठेवू नका. १२ अंशांच्या खाली ठेवलं की वास कमी होत जातो.

पायरी ८: सरळ वाणाचं बी धरा

धनश्री, पुसा रुबी, अर्का विकास, अर्का आभा यांतलं काही जमलं तर सर्वांत निरोगी झाडाचं पूर्ण पिकलेलं फळ बाजूला ठेवा. सर्वांत मोठं फळ नव्हे, सर्वांत निरोगी झाड. गर आणि बिया काचेच्या भांड्यात दोन-तीन दिवस आंबू द्या, वर पांढरट साय धरली की पाण्याने धुवा. जड बी तळाला बसतं, तेच ठेवायचं. सावलीत ताटलीवर वाळवा, कागदावर नको, चिकटतं. कागदी पाकिटात भरून वाण, महिना आणि वर्ष लिहा, आणि घट्ट झाकणाच्या डब्यात कोरड्या, गार जागी ठेवा. असं बी तीन-चार वर्षं उगवतं.